पहिला स्नोबोर्ड कसा निवडायचा: बेळगावातून बर्फावर जाणाऱ्या नवख्यांसाठी

गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या बेबी स्लोपवर माझी भाची सकाळभर नुसती पडत होती. वजन ४६ किलो, उंची १५३ सेंटीमीटर, आणि भाड्याच्या दुकानवाल्यानं तिला दिलेला बोर्ड १५६ सेंटीमीटर लांबीचा, पुरुषांचा, त्यात वाईड, म्हणजे जास्त रुंद. टाचेवर जोर दे, गुडघे वाकव, खाली बघू नको, मास्तर सांगून सांगून दमला. शेवटी पोरगी डोळ्यात पाणी आणून म्हणाली, "मामा, हे वळतंच नाही बघ." मी बोर्ड उलटा केला, आकडा वाचला आणि मला माझाच राग आला, कारण दुकानात उभं राहून मी तिचं जॅकेट बघितलं, हातमोजे बघितले, बोर्डाचा आकडा मात्र बघितलाच नव्हता. जेवायच्या सुट्टीत जाऊन १४२ चा, मऊ, साधा ट्विन, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड बदलून आणला आणि साडेतीनच्या आत ती टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून टाचेवर अशी चार वळणं घेत खाली आली. मुलगी तीच, बर्फ तोच, मास्तर पण तोच.

मी उद्यमबागेत एका वर्कशॉपमधे काम करतो, दिवसभर लोखंड आणि मापं. बर्फाचं वेड लावलं चुलत्यांनी, ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आपल्या भागात गल्लीत एकतरी घर फौजेचं असतंयच, आणि सुट्टीवर आले की ते वरच्या बर्फाच्या गोष्टी सांगत बसायचे. आता पाच हिवाळे झाले मी जातोय, आणि हल्ली खानापूर, निपाणीकडची पोरं विचारत असतात की दादा बोर्ड कुठला घेऊ, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. चांगला बोर्ड आणि वाईट बोर्ड असं फार कमी असतंय. तुमच्या वजनाचा, तुमच्या पायाचा आणि तुम्ही ज्या बर्फावर उभं राहणार त्या बर्फाचा बोर्ड असतो, आणि या तीनपैकी दोन गोष्टी तुम्ही घरात बसून मोजू शकता.

आधी घरी करायची मोजमापं

वजन मोजा, आणि खरं मोजा. उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं आहे हे बरेच जण मानायलाच तयार नसतात. बोर्ड उभा करून हनुवटीपासून नाकापर्यंत आला की झालं, हे जुनं माप अजून चालतंय, आणि घाईत ठीक पण आहे, पण बोर्डाला तुमची उंची कळत नाही, त्याला फक्त वरून किती भार पडतोय तेवढंच कळतं. सहा फुटाचा ६० किलोचा पोरगा आणि साडेपाच फुटाचा ८५ किलोचा गडी, यात लांब बोर्ड दुसऱ्याला लागणार.

मग पाय मोजा. रात्री जेवण झाल्यावर मोजा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला टाच चिकटवायची, खाली कागद, सगळ्यात लांब बोटापाशी पेन्सिलीची खूण, मग टेपनं सेंटीमीटरमधे माप. दोन्ही पाय मोजायचे, थोडा फरक असतोच, मोठा धरायचा. स्नोबोर्डच्या बुटावर हेच सेंटीमीटरचं माप छापलेलं असतंय, त्याला मोंडो म्हणतात. आपल्या दुकानातला ८ नंबर म्हणजे साधारण २७ मोंडो, १० नंबर म्हणजे २९ च्या आसपास. हा आकडा मोबाइलमधे लिहून ठेवा, पुढं रुंदी ठरवताना परत लागणार आहे.

तिसरं म्हणजे कुठला पाय पुढं. डावा पाय पुढं ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढं ठेवणाऱ्याला गूफी. यात बरोबर-चूक काही नाही, लिहायचा हात असतो तसंच आहे. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर दोन-चार पावलं पळा आणि घसरा, जो पाय आपोआप पुढं गेला तो तुमचा पुढचा पाय. रोपलावणीच्या चिखलात ज्यांनी लहानपणी घसरगुंडी केली आहे त्यांनी नुसतं आठवलं तरी कळेल. मागून कुणीतरी ढकलायचं आणि कुठला पाय पुढं पडतो ते बघायचं, असं पण सांगतात, पण त्यात माणूस दचकतो आणि उत्तर चुकतं, घसरून बघितलेलं बरं.

बोर्डाच्या आधी बूट

हे कुणी ऐकत नाही म्हणून वेगळं लिहितोय. पैसे थोडेच असले आणि एकच गोष्ट विकत घ्यायची असली तर बूट घ्या, बोर्ड भाड्यानं घ्या. तुमच्या पायातून निघालेला जोर बुटातून बाइंडिंगमधे, म्हणजे बूट बोर्डाला आवळून धरणाऱ्या पकडीत, बाइंडिंगमधून बोर्डाला आणि शेवटी बोर्डाच्या कडेच्या लोखंडी धारेला पोचतो, आणि बूट सैल असला तर पहिल्याच ठिकाणी सगळं गळून जातं. बूट घालून गुडघे पुढं वाकवा, टाच आत वर उचलली गेली तर तो बूट तुमचा नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत, वाकल्यावर किंचित मागं सरकली पाहिजेत. दोन-दोन जाड मोजे घालून मोठा बूट भरून काढायचा प्रकार करू नका, पाय घट्ट बसत नाही आणि रक्त अडून गारठतो तो वेगळाच. एकच चांगला लोकरीचा मोजा पुरतो. नाडी साधी असो, ओढायची असो नाहीतर चकती फिरवून तार आवळायची असो, नवख्याला तिन्ही चालतात.

लांबी आणि रुंदी

लांबी सेंटीमीटरमधे बोर्डावरच छापलेली असते. अंदाज म्हणून सांगतो, ५० किलोच्या आसपास वजन असेल तर १४२ ते १४८, ६० ला १४८ ते १५२, ७० ला १५२ ते १५७, ८० ला १५६ ते १६०. कंपनीचा स्वतःचा तक्ता असतो आणि तो माझ्या अंदाजापेक्षा केव्हाही खरा, कारण एकाच लांबीचे दोन बोर्ड वेगवेगळा भार पेलतात. शिकत असाल तर या मापातलं खालचं टोक धरा, आखूड बोर्ड वळवायला सोपा जातोय. लांब बोर्ड वेगात जास्त शांत चालतो, पण पहिल्या आठवड्यात तुम्हाला वेग नको असतोय, वळण हवं असतंय.

रुंदी म्हणजे बोर्डाच्या कमरेची, मधल्या सगळ्यात अरुंद जागेची रुंदी, मिलिमीटरमधे. पुरुषांचे साधे बोर्ड साधारण २५० च्या आसपास, वाईड असेल तर २६० आणि वर, आणि बऱ्याच बोर्डांवर लांबीच्या आकड्यापुढं डब्ल्यू असं अक्षर असतंय. बूट बाइंडिंगमधे अडकवून बघायचं, बोटांकडून आणि टाचेकडून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर बाहेर आला तर बरोबर आहे, त्यानंच तर धारेवर जोर येतो. फार बाहेर आला तर वळताना बूट बर्फाला घासतो आणि धार सुटते, तुम्ही आपटता. उलट बूट पूर्ण आतच राहिला तर धारेवर जायला उशीर लागतो, माझ्या भाचीचं तेच झालं होतं, २३ च्या बुटाखाली वाईड बोर्ड. आपल्याकडचा १० नंबर किंवा मोठा पाय असेल तर वाईड बघा, ८-९ वाल्यांना साधा पुरतो. बायकांचे बोर्ड कमरेत अरुंद आणि थोडे मऊ असतात, आणि बारीक चणीच्या, लहान पायाच्या पुरुषानं तो घेतला तर काही बिघडत नाही.

आता आकार

इथं थोडा वेळ देतो, कारण दुकानात दहा बोर्ड भिंतीला लावलेले बघितले की सगळे सारखेच दिसतात आणि माणूस वरचं चित्र बघून उचलतो.

पहिला आकार ट्विन. पुढचं टोक म्हणजे नोज आणि मागचं टोक म्हणजे टेल, दोन्ही अगदी सारखी, लांबीला, रुंदीला, कडकपणाला. बाइंडिंग बरोबर मधे. पुढं तोंड करून जा नाहीतर मागं तोंड करून, बोर्डाला फरक पडत नाही. नवख्याला हा का चांगला, तर पहिल्या दोन-तीन दिवसात तुम्ही डोंगराच्या आडवं डावीकडं, मग वळायला जमत नाही म्हणून तसंच आडवं उजवीकडं, झाडावरून पान खाली येतं तसं झुलत खाली येता. मास्तर त्याला फॉलिंग लीफ म्हणतात. यात अर्धा वेळ टेल पुढं असतंय, आणि ट्विन बोर्ड दोन्हीकडं सारखाच चालतो.

दुसरा डिरेक्शनल. याला पुढं-मागं ठरलेलं आहे. नोज लांब, टेल आखूड आणि बहुतेक वेळा जास्त कडक, बाइंडिंग थोडी मागं सरकवलेली. एकाच दिशेनं वेगात, लांब लांब वळणं घेत खाली यायला हा बोर्ड छान. दोन्हीच्या मधला एक डिरेक्शनल ट्विन, दिसायला ट्विनसारखाच पण कडकपणा टेलकडं थोडा जास्त, नाहीतर उभं राहायची जागा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर मागं. एकच बोर्ड घेऊन पुढची तीन-चार वर्षं काढायची असतील तर माझा कौल यालाच.

तिसरा प्रकार टेपर, म्हणजे नोज रुंद आणि टेल अरुंद. हा ताज्या भुसभुशीत बर्फाचा बोर्ड, त्या बर्फाला पावडर म्हणतात. हे समजायला आपल्या खानापुराकडची भातशेती बघा. चिखल करून झाल्यावर बैलांच्या मागं गुठ्ठा बांधतात, शेतकरी त्या फळीवर उभा राहतो आणि चिखल सारखा करत जातो. भार जरा पुढं गेला की फळी पुढून चिखलात घुसते, म्हणून जाणता माणूस टाचेवर भार ठेवून उभा राहतो, पुढची कड उचललेली ठेवतो. पावडरमधे हेच होतंय. साधा ट्विन घेऊन गुडघाभर ताज्या बर्फात गेलात तर नोज बुडतं, आणि ते वर ठेवायला मागच्या पायावर रेलून रेलून मांडी भरून येते. टेपर बोर्डात रुंद नोज आपोआप वर तरंगतं, अरुंद टेल आपोआप खाली बसतं. काहींची टेल माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली असते ती पण यासाठीच. आखूड आणि रुंद असे पण बोर्ड निघालेत, नेहमीच्या मापापेक्षा काही सेंटीमीटर कमी लांबीचे, तरंगायला लागणारी जागा ते रुंदीतून भरून काढतात.

खरं तर बोर्डाची सुरुवातच फळीवर उभं राहण्यातून झाली. १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमधे शर्मन पॉपेन नावाच्या माणसानं पोरींना खेळायला दोन स्की एकमेकीला जोडून एक फळी केली, त्या खेळण्याचं नाव पुढं स्नर्फर पडलं. तिच्या नोजला दोरी होती, ती हातात धरून उभं राहायचं, गुठ्ठ्यावरचा माणूस कासरा धरतो तसं. १९७७ मधे जेक बर्टन कारपेंटरनं व्हरमाँटमधे बोर्ड बनवायला सुरुवात केली, आणि १९९८ ला नागानोत हा खेळ ऑलिंपिकमधे गेला.

आता गुलमर्गला पावडर भरपूर पडते म्हणून पहिल्याच फेरीला माशाच्या शेपटीचा बोर्ड मागू नका. ती पावडर वर आहे, गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या केबल कारचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवट डोंगराच्या अंगावर जवळपास ३,९०० मीटरच्या वर नेतो, तिथला बराच उतार हिमस्खलनाचा आहे आणि जाणकार गाइडशिवाय तिथं नवख्यानं पाऊल ठेवायचं नाही. तुम्ही शिकणार खालच्या बेबी स्लोपवर, जिथं शेकडो लोकांनी तुडवून बर्फ घट्ट झालेला असतो.

दुकानात आकार ओळखायला टेप खिशात ठेवा. बाइंडिंगच्या स्क्रूसाठी बोर्डात भोकं असतात, सगळ्यात पुढच्या भोकापासून नोजच्या टोकापर्यंत माप घ्या, सगळ्यात मागच्या भोकापासून टेलच्या टोकापर्यंत घ्या. दोन्ही सारखं आलं तर ट्विन, नोजकडं जास्त आलं तर डिरेक्शनल. मग नोजची आणि टेलची सगळ्यात रुंद जागा मोजा, नोज १०-२० मिलिमीटर जास्त भरलं तर टेपर. दोन मिनिटांचं काम आहे.

कमान की होडी

वरून दिसतो तो आकार झाला. बाजूनं बघितल्यावर दिसतो तो वेगळा, आणि नवख्याच्या पडण्याशी त्याचाच संबंध जास्त आहे. ट्रकचे कमानपाटे बघितले असतीलच. कॅम्बर म्हणजे तशीच कमान, फक्त पालथी ठेवलेली. बोर्ड सपाट फरशीवर ठेवला तर मधे उचललेला आणि नोज-टेलच्या अलीकडं दोन ठिकाणी टेकलेला. तुम्ही वर उभं राहिलात की पाटा दबतो, पूर्ण धार बर्फाला लागते, आणि भार काढला की उसळतो. पकड जबरदस्त, घट्ट बर्फावर तर हवाच. पण ती टेकलेली टोकं नवख्याच्या धारा चुकून बर्फात अडकवतात आणि मग माणूस क्षणात पालथा, आपण काय चुकलो ते कळायच्या आतच.

रॉकर याच्या उलट, होडीसारखा, मधे टेकलेला आणि दोन्ही टोकं लवकर वर गेलेली. धार अडकायची भीती कमी, वळायला हलका, पावडरवर तरंगतो, पण घट्ट बर्फावर पकड कमी आणि वेगात टोकं फडफडतात. फ्लॅट म्हणजे मधे सपाट. हायब्रिड म्हणजे मिसळ, आणि तिथं नीट विचारा, कारण पायाखाली कॅम्बर नि टोकांना रॉकर हा एक, आणि दोन पायांच्या मधे रॉकर नि पायाखाली कॅम्बर हा दुसरा, दोन्हीला हायब्रिडच म्हणतात. पहिल्या बोर्डाला माझ्या मते पायाखाली कॅम्बर आणि टोकं उचललेली असलेला हायब्रिड किंवा फ्लॅट घ्या. पूर्ण रॉकरवर पहिले दोन दिवस मजेत जातात पण धारेवर उभं राहायची सवय लागत नाही, आणि ती नंतर लावायची म्हटलं तर त्रास होतोय. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बोर्ड सपाट फरशीवर ठेवून खालून वर्तमानपत्राचा कागद सरकवायचा, मधून आरपार गेला तर कॅम्बर, मधे अडला आणि टोकांकडून बराच आत गेला तर रॉकर.

फ्लेक्स म्हणजे बोर्ड किती वाकतो. कंपन्या १ ते १० आकडे देतात, १ मऊ, १० कडक, पण प्रत्येकाचं माप आपापलं, एकाचा ४ दुसऱ्याचा ५ निघतो. नवख्यानं ३ ते ५. टेल जमिनीला टेकवून नोज एका हातात धरा आणि दुसऱ्या हातानं मधे दाबा, तीन-चार बोर्ड असे दाबले की हाताला फरक कळायला लागतो. खालच्या पृष्ठभागाचे दोन प्रकार, एक्सट्रूडेड स्वस्त आणि कमी देखभालीचा, सिंटर्ड जास्त मेण पितो आणि जास्त पळतो. पहिल्या बोर्डाला एक्सट्रूडेडनं काही अडत नाही. बाइंडिंग घेताना मात्र बोर्डावरच्या भोकांची मांडणी बघून घ्या, चार-चार भोकांचे गट असतात, नाहीतर मधे लांब खाच असते, आणि प्रत्येक बाइंडिंगची चकती प्रत्येक बोर्डाला बसत नाही.

भाड्याच्या दुकानात उभं राहिल्यावर

घाई करू नका, मागं रांग असली तरी. आकडा वाचा. बोर्ड डोळ्यासमोर आडवा धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं नजर टाका, पिळलेला असेल तर लगेच दिसतो. नखाची कड लोखंडी धारेवरून आडवी ओढा, किंचित खरवडून नखाचा भुगा निघाला तर धार जिवंत आहे, नख नुसतं घसरलं तर बोथट. धार कुठं तुटली आहे का, लाकडापासून सुटली आहे का ते बोट फिरवून बघा. खाली खोल ओरखडा असून आतलं लाकूड दिसत असेल तर तो बोर्ड परत द्या, पाणी आत जाऊन थर सुटत जातात. बाइंडिंगचे चारी स्क्रू स्वतः आवळून बघा, मी एकदा न बघता गेलो होतो आणि उतारावर बाइंडिंग पायासकट फिरली. कोन सांगा, पुढचा पाय १५ अंश आणि मागचा उणे ६ ते ९, म्हणजे दोन्ही चवडे थोडे बाहेर. दोन पायांतलं अंतर खांद्यापेक्षा जरासं जास्त. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घ्याच, नवखा पडताना हात टेकवतो आणि या खेळात पहिल्या दिवसात मोडतं ते बहुतेक मनगट.

निदान दोन फेऱ्या भाड्यानं करा, वेगवेगळे आकार पायाखाली घालून बघा, मग विकत घ्यायचा विचार करा.

विकत घेतला तर बेळगावात सांभाळायचा कसा

हे दुसरीकडं कुणी लिहीत नाही कारण त्यांच्याकडं आपला पावसाळा नसतोय. जून ते सप्टेंबर इथं भिंतींना ओल सुटते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि बोर्डाची धार लोखंडाची आहे. माझ्या पहिल्या बोर्डाला जुलैत पिशवी उघडली तेव्हा नोजपासून टेलपर्यंत तांबूस गंज चढलेला होता, पिशवीत ओला टॉवेल राहिला होता तेवढ्यावरून. आता मी परत आलो की पहिल्यांदा बोर्ड पूर्ण कोरडा पुसतो, बाइंडिंग काढून ठेवतो म्हणजे स्क्रूखालचं पाणी पण सुकतं, धारेवर बारीक वाळूच्या रबरी दगडानं गंज काढून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवतो. खाली मेणाचा जाड थर इस्त्रीनं वितळवून लावतो, धारेवर थोडं ओघळू देतो, आणि खरवडत नाही, तसाच राहू देतो. इस्त्री जुनी, कपड्यांची नको, आणि एका जागी थांबवायची नाही, धूर निघाला तर जास्त तापली. मग जुन्या सुती चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत, सिमेंटच्या जमिनीपासून वर, लाकडी फळीवर आडवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा नाही, आत घाम धरतो. गणपतीत घर झाडायला काढतात तेव्हा एकदा चादर सोडून धार बघायची, कुठं तांबूस दिसलं तर परत तेल. आणि डिसेंबरात निघायच्या आदल्या आठवड्यात प्लास्टिकच्या पट्टीनं ते सगळं मेण नोजकडून टेलकडं खरवडून काढायचं, धारेचं तेल फडक्यानं पुसायचं आणि बाइंडिंग परत चढवायची.